नॅनो आयर्नने पाणी आणि माती स्वच्छ करताना: बाटलीपासून वावरापर्यंत, क्रमवार

गेल्या मे महिन्यात चोपड्याहून एमएस्सीचा एक मुलगा काचेची बशी घेऊन आला. बशीत विटकरी भुकटी होती. "सर, रात्री काळीभोर होती," एवढंच म्हणाला. दोन महिन्यांचं काम होतं त्याचं. कण बरोबर बनले होते, पण पाण्याचा नमुना यायला अजून आठवडा होता आणि तोवर ते उघड्यावर राहिले. लोखंड गंजलं, काम संपलं.

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतून अशा बशा दरवर्षी येतात. दुसरीकडे शेतकरी विचारतात, "सर, ती पावडर विहिरीत टाकली तर नायट्रेट जाईल का?" छोट्या कारखान्यांत सांडपाण्याचं युनिट सांभाळणारी मंडळी विचारतात, "किलोला किती लिटर?" तिघांचीही चूक एकच आहे: लोखंड आधी आणि पाणी नंतर. क्रम उलटा लावा, निम्म्या चुका तिथेच टळतात. खाली तोच क्रम दिला आहे.

१. लोखंडाचं हे काम आहे का, ते आधी ठरवा

नॅनो आयर्न म्हणजे १०० नॅनोमीटरपेक्षा बारीक कण. आत शुद्ध लोखंड, बाहेर ऑक्साइडचं पातळ कवच. आतलं लोखंड इलेक्ट्रॉन देतं, बाहेरचं कवच काही घटक धरून ठेवतं. या दोन गोष्टींत जे बसतं तेवढंच हे कण करतात.

बसतं ते असं: प्लेटिंगच्या किंवा कातडी कमावण्याच्या पाण्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (पुढे त्याला क्रोमियम-६ म्हणू), ट्रायक्लोरोइथिलीनसारखे क्लोरीन असलेले द्रावक, आर्सेनिक, शिसं, तांबं, निकेल आणि काही कापडी रंग. पाण्याचा खारटपणा, टीडीएस, जडपणा यांत फरक पडत नाही. फ्लोराइडसाठीही हा उपाय नाही.

नायट्रेटबद्दल जरा थांबून बोलतो, कारण रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातून सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. नायट्रेट खरंच कमी होतं. प्रयोग करणारा आकडा पाहून खूश होतो. पण ते जातं कुठे, हे तो मोजत नाही. लोखंडासोबत नायट्रेटचं मुख्यतः अमोनियम बनतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तेवढं सगळं नायट्रेट बदललं तर सुमारे १३ मिलिग्रॅम अमोनियम तयार होतं, आणि भारतीय मानक १०५०० मध्ये अमोनियाची मर्यादा आहे अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे एक दोष काढून दुसरा घातला. पिण्याच्या विहिरीतलं नायट्रेट काढायला नॅनो आयर्न वापरू नका. खताचा हिशेब आणि विहिरीजवळचा उकिरडा आधी बघा.

⚠ पिण्याच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये नॅनो आयर्न थेट टाकायचं नाही. कोणत्याही प्रमाणात नाही.

२. नमुना घेणं

बोअर आधी चालू ठेवा. पाइपात उभं असलेलं पाणी निघून जाऊ द्या. तापमान, पीएच आणि विद्युतवाहकता यांचे तीन वाचन सारखे आले की मगच बाटली भरा. पीएच, विरघळलेला ऑक्सिजन आणि ओआरपी (पाणी इलेक्ट्रॉन देणारं आहे की घेणारं, याचा मिलिव्होल्टमधला आकडा) जागेवरच मोजा. बाटली एसटीत बसवून जळगावला आणली आणि मग ऑक्सिजन मोजला, तर तो आकडा एसटीतल्या पाण्याचा असतो, बोअरच्या नाही.

क्रोमियमसाठी दोन बाटल्या लागतात. एकूण क्रोमियमच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा. क्रोमियम-६ च्या बाटलीत आम्ल घालायचं नाही. ती बर्फात ठेवा आणि २४ तासांच्या आत तपासा. दोन्हींत आम्ल घातलं की क्रोमियम-६ वाटेतच क्रोमियम-३ (त्याचं कमी विषारी रूप, लोखंड त्याला याच रूपात आणतं) होऊ शकतं, आणि अहवालात पाणी आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं.

नायट्रेट, सल्फेट, क्लोराइड, जडपणा आणि लोह हेही मोजून घ्या. पुढच्या हिशेबाला ते लागतात.

३. लोखंडाचा हिशेब: तुमचं लोखंड कोण कोण खाणार?

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. क्रोमियम किती, तेवढंच बघतात आणि मात्रा ठरवतात. पाण्यात लोखंडाचे गिऱ्हाईक अनेक असतात.

एक लिटर पाणी घेऊ. त्यात क्रोमियम-६ आहे १० मिलिग्रॅम, विरघळलेला ऑक्सिजन ६ आणि नायट्रेट ६०. क्रोमियमला हिशेबाने १०.७ मिलिग्रॅम लोखंड लागतं, कारण एका रेणूला एक अणू. ऑक्सिजनच्या एका रेणूला लोखंडाचे दोन अणू जातात, म्हणून ६ मिलिग्रॅमला सुमारे २१ मिलिग्रॅम. नायट्रेटच्या एका रेणूला चार अणू, म्हणून ६० मिलिग्रॅमला सुमारे २१६. बेरीज झाली २४८ मिलिग्रॅम. ज्यासाठी खटाटोप, त्या क्रोमियमचा वाटा शंभरात चार-साडेचार.

क्रोमियमची क्रिया नायट्रेटपेक्षा वेगाने होते, त्यामुळे प्रत्यक्षात गोष्ट इतकी वाईट नसते. पण खुद्द पाणीही लोखंडाशी क्रिया करून हायड्रोजन काढत राहतं, आणि ते या बेरजेत धरलेलंच नाही. म्हणून हा आकडा मात्रा नाही. चाचणी कुठून सुरू करायची ते तो सांगतो. वरच्या पाण्यासाठी मी लिटरला ०.२५, ०.५, १ आणि २ ग्रॅम अशा चार मात्रा लावेन.

*तपासा:* तुमच्या पाण्यातले ऑक्सिजन, नायट्रेट आणि क्रोमियम यांचे आकडे कागदावर आले का? आले नसतील तर पुढे जाऊ नका.

४. कण बनवणं

हे काम रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, चालू फ्यूमहूडखाली (वायू ओढून बाहेर सोडणाऱ्या कपाटात) करायचं. घरी, शेडमध्ये किंवा वर्गात नाही. क्रियेत भरपूर हायड्रोजन निघतो. त्या खोलीत गॅसचा बर्नर, हीटर, ठिणगी उडवणारी मोटर काहीही चालू नको. चष्मा, हातमोजे आणि सुती एप्रन घाला.

अर्धा लिटरचा घाणा पुरतो. त्याचं प्रमाण असं:

फेरिक क्लोराइड (सहा पाणी असलेलं): ३.०४ ग्रॅम, २५० मिली पाण्यात.
सोडियम बोरोहायड्राइड: २.३६ ग्रॅम, २५० मिली पाण्यात.

यातून हिशेबाने ०.६३ ग्रॅम लोखंड मिळतं. म्हणजे लिटरला २ ग्रॅमची मात्रा द्यायची असेल तर एका घाण्यात ३०० मिली पाण्याचीच चाचणी होते. हे आधी लक्षात घ्या, मग नमुन्याच्या बाटल्या मोजा.

बरणीवरचं लेबल नीट वाचा. कोरडं, पाणी नसलेलं फेरिक क्लोराइड असेल तर वजन १.८२ ग्रॅम होतं. ही चूक मी दरवर्षी बघतो.

आता क्रम.

पहिलं, पाण्यातला ऑक्सिजन काढा. डिस्टिल्ड पाण्यातून अर्धा तास नायट्रोजन सोडा. सिलिंडर नसेल तर पंधरा मिनिटं खळखळून उकळा, गरम असतानाच बाटली काठोकाठ भरा, झाकण लावा आणि निववा.

दुसरं, एक लिटरचा तीन तोंडांचा फ्लास्क बर्फाच्या पाण्यात बसवा. भुसावळ-जळगावला मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. खोलीच्या तापमानाला असं पुस्तकात लिहिलेलं असतं, ती खोली आपली नसते. फ्लास्क निम्म्याहून जास्त भरायचा नाही, कारण फेस चढतो. एका तोंडातून नायट्रोजन आत, एक तोंड गॅस बाहेर जायला मोकळं. हे मोकळं तोंड बुचाने बंद करणं म्हणजे फ्लास्क फोडणं.

तिसरं, ढवळणी वरून सोडलेल्या दांड्याची हवी. चुंबकी ढवळणी वापरली तर तयार होणारं सगळं लोखंड त्या पांढऱ्या गोळीला चिकटून बसतं आणि ढवळणं नावाला उरतं.

चौथं, बोरोहायड्राइडचं द्रावण अगदी शेवटी, थंड पाण्यात करा. ते ठेवलं की आपोआप विघटित होत जातं. सकाळी केलेलं दुपारी वापरू नका. कोरड्या बोरोहायड्राइडवर आम्ल कधीही पडता कामा नये.

पाचवं, हे द्रावण थेंबाथेंबाने, साधारण अर्ध्या तासात लोखंडाच्या द्रावणात सोडा. पिवळट द्रावण आधी गढूळ होतं, मग राखाडी, आणि बघता बघता शाईसारखं काळं. घाईने ओतलं तर फेस उसळतो आणि कण मोठे, गुठळ्यांचे होतात. सगळं पडल्यावर बुडबुडे मंदावेपर्यंत आणखी वीस मिनिटं ढवळा.

सहावं, फ्लास्कच्या बाहेरून मोठं चुंबक लावून कण एका बाजूला धरा, वरचं पाणी ओता, आणि ऑक्सिजन काढलेल्या इथेनॉलने तीनदा धुवा.

⚠ कण वाळवू नका. एकदा मी स्वतः गाळणकागदावरचे अर्धवट ओले कण पंख्याखाली ठेवून फोन घ्यायला गेलो. परत आलो तेव्हा कागदाची कड तपकिरी होऊन धूर निघत होता. कोरडे नॅनो कण हवेत आपोआप पेट घेतात. जवळ कोरड्या वाळूची बादली होती म्हणून निभावलं. तेव्हापासून वाळू आधी, बरणी नंतर. कण इथेनॉलमध्ये ओलेच ठेवा, झाकण सैल ठेवा आणि त्याच दिवशी वापरा.

केळीच्या सालीच्या, निंबाच्या किंवा चहाच्या अर्कातून "हिरवे" कण करायची आता लाट आहे. करा, स्वस्त आहे. पण अर्कात लोखंडाचं मीठ टाकून काळा रंग आला म्हणजे शून्य संयुजेचं (म्हणजे न गंजलेलं, शुद्ध धातूचं) लोखंड झालं, असं धरू नका. चहातल्या टॅनिनला लोखंड मिळालं की शाई होतेच. अनेकदा मिळतं ते लोखंड आणि पॉलिफिनॉल यांचं संयुग किंवा ऑक्साइड. पुढची पायरी त्यासाठीच आहे.

५. लोखंड जिवंत आहे का?

चुंबकाला चिकटलं म्हणजे चांगलं, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. मॅग्नेटाइटही चुंबकाला चिकटतं आणि तेही काळंच असतं.

खरी परीक्षा आम्लाची. साधारण ०.१ ग्रॅम लोखंड असेल इतका मोजलेला गाळ छोट्या फ्लास्कमध्ये घ्या, वर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल सोडा, आणि निघणारा हायड्रोजन पाण्यात उलट्या धरलेल्या मोजपात्रात गोळा करा. ०.१ ग्रॅम शुद्ध लोखंड सुमारे ४४ मिली वायू देतं. गंजलेलं ऑक्साइड आम्लात विरघळतं, पण वायू देत नाही. उरलेल्या द्रावणात फिनान्थ्रोलीनच्या रंगचाचणीने एकूण लोह मोजा. वायूवरून आलेलं लोखंड भागिले एकूण लोखंड, हा तुमचा जिवंतपणाचा आकडा.

*तपासा:* निम्म्याहून कमी आला तर तो घाणा चाचणीला वापरू नका. पायरी चार पुन्हा करा.

६. बाटलीतली चाचणी

इथे वेळ द्या. पुढचा सगळा खर्च या बाटल्यांवर ठरतो.

पाणी तुमच्या बोअरचंच घ्या. डिस्टिल्ड पाण्यात पोटॅशियम डायक्रोमेट विरघळवून केलेल्या पाण्यात नॅनो आयर्न नेहमीच छान चालतं. आपल्याकडच्या जड, कार्बोनेटच्या पाण्यात कणांवर पुटं चढतात आणि वेग पडतो. प्रबंधातला आकडा आणि वावरातला आकडा इथे वेगळे होतात.

चार मात्रांच्या बाटल्यांसोबत पाच साथीच्या बाटल्या हव्याच. एकीत नुसतं दूषित पाणी. दुसरीत डिस्टिल्ड पाणी आणि नॅनो आयर्न. तिसरीत मुद्दाम गंजवलेलं नॅनो आयर्न, म्हणजे नुसतं चिकटून किती गेलं ते कळतं. चौथीत लेथवरचा लोखंडी कीस, सोड्याने धुऊन तेल काढलेला. पाचवीत हिराकस (फेरस सल्फेट). एक ग्रॅम क्रोमियम-६ ला हिशेबाने सुमारे १६ ग्रॅम हिराकस लागतो. कीस किंवा हिराकस तेच काम करत असेल, तर नॅनोवर पैसा घालवू नका. कारखान्याच्या टाकीत वर आलेल्या पाण्यासाठी बहुतेक वेळा हिराकस पुरतो, असं माझं मत आहे. नॅनोची खरी गरज लागते ती जिथे फावडं पोचत नाही तिथे, जमिनीच्या पोटात.

बाटल्या फिरत्या शेकरवर ठेवा. दिवसभर ठेवायच्या तर हायड्रोजन साचतो, म्हणून बुचात सुई टोचून ठेवा. ५, १५, ३० मिनिटं, १ तास, ४ तास आणि २४ तास अशा वेळी नमुना काढा.

नमुना काढल्यावर आधी गाळा, मग आम्ल. क्रोमियम-६ ची डायफिनाइलकार्बाझाइडची तपासणी आम्लातच होते. न गाळलेल्या नमुन्यात आम्ल घातलं की उरलेले लोखंडाचे कण आणि त्यांतून सुटणारं फेरस तिथल्या तिथे क्रोमियम-६ खाऊन टाकतात. उत्तर शून्य येतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. ०.२ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर लावा आणि लगेच तपासा. जास्त लोह असलेल्या नमुन्यात रंग पिवळसर दिसला तर त्या वाचनावर विश्वास ठेवू नका.

डायफिनाइलकार्बाझाइड घातलेल्या नमुन्यांच्या बाटल्या ओळीने लावल्या की डोळ्यांनीच कळतं. नुसत्या दूषित पाण्याची बाटली जांभूळ पिळल्यासारखी जांभळट-गुलाबी, ०.२५ ची फिक्कट, १ ग्रॅमची पाण्यासारखी. तरी ५४० नॅनोमीटरला वाचन घ्याच.

क्रोमियम-६ सोबत एकूण क्रोमियम, लोह, अमोनियम, पीएच आणि ओआरपी मोजा. क्रिया चालू असेल तर ओआरपी ऋण कित्येक शे मिलिव्होल्टपर्यंत खाली जातो आणि पीएच ८-९ कडे सरकतो. ओआरपी हललाच नाही तर लोखंड मेलेलं आहे. पाणी स्वच्छ झालं की हवा मारा, गाळ बसू द्या, वाळूतून गाळा. लोह लिटरला १ मिलिग्रॅमच्या आणि एकूण क्रोमियम ०.०५ च्या आत आलं का ते बघा.

*तपासा:* एक बाटली आठवडाभर उघडी ठेवून पुन्हा मोजा. आकडा परत वर आला तर मात्रा कमी पडली.

७. माती

मातीत जाण्याआधी एक गुणाकार करा. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. एक फूट खोलीची माती साधारण ४० टन भरते. अर्धा टक्का मात्रा धरली तर गुंठ्याला २०० किलो नॅनो आयर्न. हा आकडा पाहिल्यावर बरेच जण शांतपणे घरी जातात, आणि ते योग्यच आहे. रोटाव्हेटर पोचतो त्या खोलीसाठी लोखंडाची साधी बारीक पूड, हिराकस आणि शेणखत यांची चाचणी आधी घ्या.

चाचणी अशी: माती सावलीत वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. १०० ग्रॅमचे डबे करा, मात्रा ०.१, ०.५ आणि १ टक्का. लोखंड कोरडं मिसळायचं नाही, पाण्यात कालवून घालायचं, आणि माती पाण्याने भरलेली ठेवायची. मातीत पाणी नसेल तर इलेक्ट्रॉन जाणार कुठून? मातीतलं क्रोमियम-६ काढताना अल्कलीत काढा. आम्लात काढलं तर वर सांगितलेलीच चूक होते.

आपली काळी माती चिकण आहे, ओली असताना अवजाराला चिकटते आणि वाळली की ढेकळं होतात. म्हणून वावरात मिसळायचं ते वाफशावर, आणि मिसळून झाल्यावर पाणी भरायचं. उलटं केलं तर ढेकळाच्या आतली माती तशीच राहते.

काळ्या मातीत मॅंगनीजची ऑक्साइडं असतात, आणि ती क्रोमियम-३ ला पुन्हा क्रोमियम-६ करू शकतात. त्यामुळे एकदा मोजून सोडून देता येत नाही. महिन्याने, तीन महिन्यांनी आणि पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. पेरणीआधी त्या मातीत मुगाचे दाणे टाकून उगवण बघा, शेजारच्या चांगल्या मातीत तेवढेच दाणे टाकून.

८. जमिनीखाली सोडणं

हे एकट्याने करायचं काम नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि भूजलाचा जाणकार, दोन्ही लागतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आपल्या भागातल्या पाणीपातळीची माहिती मिळते, ती आधी घ्या.

खान्देशात जमीन दोन जातींची. तापीकाठी वाळू-चिकणमातीचे गाळाचे थर, बाकी बराच भाग काळा पाषाण. पाषाणात पाणी मुरमातून आणि भेगांतून चालतं. एकाच भेगेतून तुमचं सगळं लोखंड निघून जाऊ शकतं आणि दूषित भाग कोरडाच राहतो. गाळाच्या थरात उलट अडचण: कण एकमेकांना ओढून गुठळ्या करतात आणि काही मीटरमध्येच अडकतात. त्यासाठी कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचा लेप देतात. तो बोरोहायड्राइड घालण्याआधी लोखंडाच्या द्रावणात घालायचा असतो, तयार कणांवर नंतर ओतून उपयोग कमी.

प्रवाहाच्या वरच्या बाजूला एक आणि खालच्या बाजूला निदान दोन निरीक्षण बोअर हवेत. खालच्या बाजूला पिण्याची विहीर असेल तर थांबा. पाणी वर काढून टाकीत स्वच्छ करण्याचा मार्ग घ्या.

९. उरलेला गाळ

क्रोमियम नाहीसं झालेलं नाही, गाळात बसलं आहे. हा तपकिरी-हिरवट गाळ बांधावर, नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकायचा नाही. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे तो वेगळा, झाकणाच्या पिंपात, लेबल लावून ठेवा आणि मान्यताप्राप्त केंद्राकडे पाठवा. पिंपात जाण्याआधी त्यात जिवंत लोखंड उरलेलं नाही ना, ते पायरी पाचच्या आम्लाने थोड्या नमुन्यावर बघा. बुडबुडे येत असतील तर गाळ पाण्याखाली, उघड्या भांड्यात, मोकळ्या हवेत दोन-तीन दिवस ठेवा. पूर्ण विटकरी झाला आणि आम्लात एकही बुडबुडा आला नाही, की मगच पिंपाचं झाकण घट्ट करा.